चोपण

गहिनीनाथाचं वर्षश्राद्ध गूळपेठेतच होईल, फाट्यावर नाही, असा निरोप त्याच्या बायकोनं, भागूबाईनं धाडला तेव्हा म्हेत्र्यांच्या भावकीत बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पेठेत आता होतं कोण? एक भागूबाई, तिच्या दोन म्हशी आणि जिकडंतिकडं माजलेली वेडी बाभूळ. स्वयंपाकाला पाणी टँकरनं न्यायचं, मांडवाचं सामान टेम्पोनं न्यायचं आणि जेवायला माणसंही फाट्यावरूनच न्यायची. वैजनाथला मात्र तो निरोप ऐकून आतून बरं वाटलं. थोरल्या भावाच्या श्राद्धाला जाताना बरं वाटणं शोभत नाही, हे त्याला कळत होतं. तरी राहुरीहून निघताना त्यानं कपड्यांच्या पिशवीआधी गाडीत ठेवली ती कागदांची गुंडाळी.

गाडी पंकजा चालवत होती. बापाला घेऊन जायचं म्हणून ती पुण्याहून आदल्या दिवशीच आली होती.

"आईला सांगितलंत का, पेठेत राहायला जायचं म्हणताय ते?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्हाला जायचं तर खुशाल जा. मी राहुरी सोडणार नाही."

पंकजा हसली. "मग?"

"येईल हळूहळू. एकदा गहू डोलायला लागला की येईल."

फाटा मागं पडला. सिमेंटचे पाईप, टायरची दुकानं, रसवंत्या, मोबाईलवाल्यांचे बोर्ड, सगळं मागं गेलं आणि तीन किलोमीटरचा खडबडीत रस्ता सुरू झाला. दोन्ही बाजूंच्या रानांवर फेब्रुवारीच्या उन्हात पांढरा थर चमकत होता. मध्येच एखाद्या खळग्यात पाणी साचून लव्हाळा वाढलेला. पंकजानं काच खाली केली.

"इथं मीठ सांडल्यासारखं झालंय."

"मीठच आहे. चोपण झाली जमीन. खाली पाणी तुंबलं, आणि वर येताना क्षार घेऊन आलं. पण ती मेलेली नाही. खालचं पाणी काढून दिलं की धुऊन निघते."

हे वाक्य वैजनाथनं गेल्या तीन वर्षांत मनातल्या मनात किती वेळा घोकलं होतं, त्याला गणती नव्हती. राहुरीच्या विद्यापीठात माती तपासायच्या कामात त्याची सगळी हयात गेली. लोकांच्या रानांची माती त्यानं चाळली, वाळवली, पाण्यात ढवळली. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या हातात आपल्या गावाची मातीच तेवढी उरली होती, तीही आठवणीतली.

गूळपेठ त्याच्या आजानं, भीमा म्हेत्र्यानं वसवली. एकोणीसशे एकवीस साली तीन घरं घेऊन तो सासवडहून निघाला. प्रवरेला नवे कॅनॉल झाले होते आणि आसपासचे लोक त्या पाण्याला बिचकत होते. बाराही महिने पाणी मिळतं म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार, अशी त्यांची समजूत. भीमाला ऊस ठाऊक होता आणि गूळ ठाऊक होता. नदीला नाव नव्हती, तेव्हा रस आटवायची मोठी काहील त्यानं पाण्यात लोटली, तिच्यात बायकामुलांना बसवलं आणि पोहत पोहत ती पैलतीराला लावली. काटेरी माळ मोडून ऊस उभा केला. पंधरा वर्षांत चौदा गुऱ्हाळं पेटली. गुळाच्या गाड्या बेलापूर स्टेशनाला जाऊ लागल्या. मग अडते आले, कापडवाले आले, कासार आले, सातवीपर्यंतची शाळा झाली, पोस्ट आलं, मंगळवारचा बाजार भरू लागला. नदीच्या वळणावर एका माणसाच्या आयुष्यात एक गाव उभं राहिलं.

उतरणही तितकीच झपाट्यानं लागली. नदीपल्याड साखर कारखाना झाला, ऊस तिकडं चालला आणि चुलाणं एकेक करून विझली. पूल झाला तो सहा किलोमीटर खाली. रस्ता तिथून गेला आणि त्याच्यामागं बाजार गेला. आणि ज्या पाण्यावर पेठ उठली तेच पाणी पन्नास वर्षं रानांत मुरत मुरत वर चढलं. वैजनाथच्या लहानपणी विहिरीचं पाणी चाळीस फुटांवर होतं. तो कॉलेजला गेला तेव्हा ओणवं होऊन हातानं घेता येत होतं, आणि तोंडात धरवत नव्हतं.

गाडी थांबली. पडक्या भिंतींच्या रांगेत एकच घर सारवलेलं, त्याच्यापुढं कापडी मांडव.

दुपारी दोनपर्यंत विधी उरकले, पंगती उठल्या. फाट्यावरची माणसं आली तशी भराभरा निघूनही गेली. जाताना कुणी पडक्या घरांकडं बोट दाखवून पोरांना काही सांगत होतं, तेवढंच. ओसरीवर घरची तेवढी उरली. कारभारीअण्णा, वैजनाथचे थोरले चुलतभाऊ, शहात्तर वर्षांचे, पेठ सोडून फाट्यावर पहिलं दुकान टाकणारे. गहिनीनाथाचा मुलगा कानिफनाथ, ज्याचं फाट्यावर खतं-बियाणांचं दुकान होतं. त्याची बायको दिपाली आणि पंकजा आत भागूबाईच्या हाताखाली भांडी आवरत होत्या.

कानिफनाथनं एक फाईल मांडीवर घेतली आणि बराच वेळ तिचा बंद नुसता सोडत-बांधत राहिला.

"बोल की रं," कारभारीअण्णा म्हणाले.

"तात्या," कानिफनाथ वैजनाथकडं वळला, "सोलरवाले आलते. पेठंची जागा आन् खालचं रान मिळून बेचाळीस एकर घेत्यात. तीस वर्साचा करार. त्येंना पिकाऊ जमीन नकोच हाय, चोपनच पायजे. सातबारा सामाईक, म्हून समद्यांची संमती लागती."

"चौगांच्या सह्या झाल्या," अण्णा म्हणाले. "ऱ्हायल्या दोन. तुजी आन् भागूबाईची."

"वहिनीला विचारलं?"

कानिफनाथनं स्वैपाकघराकडं नजर टाकून आवाज खाली आणला. "कसं इचारू? तेराव्याला म्हनलं, आये, चल आता फाट्यावर ऱ्हायला. तर म्हनली, वरीस तर हुं दे. मंजी न्हाईच की. तुमी आदी सही केली तर तिला समजावता तरी यील. तुमचं ती ऐकंल."

"मी सही करणार नाही," वैजनाथ म्हणाला.

त्यानं गुंडाळी उलगडली. चार कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, अण्णांचा चष्मा आणि स्वतःचा मोबाईल ठेवला. कागदावर बेचाळीस एकराचं रान आखलं होतं आणि त्याच्यात निळ्या शाईनं समांतर रेघा.

"या रेघा म्हणजे जमिनीखालच्या नळ्या. भोकं पाडलेल्या. वीस-वीस मीटरवर. खालचं पाणी यांत गोळा होईल आणि पंपानं नदीत जाईल. वरून जिप्सम टाकायचं, ताग गाडायचा. तिसऱ्या वर्षी गहू घेता येईल, अण्णा. मी लिहून देतो. फंडाचे पैसे मी घालतो, तुम्ही कुणी काही घालू नका. मी इथं राहायला येतोय."

अण्णा नकाशाकडं पाहतच नव्हते. ते वैजनाथकडं पाहत होते.

"वैजा, ह्या गावाला मेलेलं म्हनलं कुनी?"

"अण्णा—"

"तूच ना? त्र्यान्नव साली शाळंच्या पडवीत समदी भावकी बसलीवती. तू कागद वाचलास, ही जमीन आता चाळीस वरीस पिकत न्हाई म्हनून. तुज्या शब्दावर मी म्हैन्याच्या आत घर मोडलं. माजी म्हातारी वाटंत रडत हुती. आन् आता तू सांगतूस, तिसऱ्या वर्साला गहू?"

वैजनाथचा हात नकळत गालाकडं गेला. पुढचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. चाळीस वर्षं हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि गहिनीनाथ उठून आला होता. सगळ्या गावादेखत त्यानं तीस वर्षांच्या, नोकरदार, बायको-पोरगी असलेल्या धाकट्या भावाच्या थोबाडीत मारली होती. कागद पडवीभर उडाले. वैजनाथ तसाच एस.टी.ला चालत गेला. त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. गेल्या वर्षी तो इथं आला तो तिरडीला खांदा द्यायला.

"तू सांग त्यांना, पंकजा," वैजनाथ म्हणाला. लेक दारात येऊन उभी राहिलेली त्याला दिसली होती. "तू बघून आलीस ना तसली नळ्या घातलेली रानं?"

पंकजा हात पुसत होती. गाडीत तीच म्हणाली होती, बाबा, अवघड आहे पण होईल.

"बघून आले. तिथं होतंय ते." मग म्हणाली, "पण तुम्ही मोठ्याईला विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"सकाळपासून ती मला काय काय विचारतेय, माहितेय? पुण्यात तुमच्या मजल्यावर किती घरं आहेत. भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू येतं का. सकाळी उठल्यावर पहिलं तोंड कुणाचं दिसतं."

वैजनाथला काही उमगलं नाही. एवढंच उमगलं, की लेक त्याची बाजू सोडून दुसरीकडं गेली.

तेवढ्यात भागूबाई बाहेर आली. चौकटीला टेकून खाली बसली आणि पदरानं गळ्याचा घाम टिपत म्हणाली, "कानिफ, कागद कुठं हाय?"

"कंचा, आये?"

"माज्यापासून लपवतूस त्यो."

कानिफनाथनं फाईल पुढं केली. त्याचे कान लाल झाले होते. "आये, तुजी इच्छा नसंल तर आपल्याला काय बी—"

"पेन दे."

तिनं पेन घेतलं. एकेक अक्षर दाबून, ओठ हलवत तिनं लिहिलं: भागूबाई गहिनीनाथ म्हेत्रे. लिहून झाल्यावर कागद लांब धरून पाहिला आणि परत दिला. दिपाली आतून धावत आली आणि सासूकडं बघतच राहिली.

"आये, तू तर म्हनलीवतीस वरीस हुं दे."

"मग झालं की आज."

"मला वाटलं, तुला यायचंच न्हाई."

"तुला वाटलं. मला इचारलंस का परत? वरीस न्हाई व्हत तंवर मानसाचं घर सोडू ने, येवढंच म्हनले मी. तू चार दिसाला येतूस, पिशवी ठिवतूस, म्हशीवरनं हात फिरवतूस आन् जातूस. मी रोज म्हनायची, आज इचारंल."

वैजनाथ अजून नकाशावर वाकलेला होता. "वहिनी, एकदा हे तरी बघा. दादानं ज्याच्यासाठी तीस वर्षं इथं काढली तेच मी करायचं म्हणतोय."

भागूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. "चला भावजी. तुमाला काय तरी दाखवते."

दोघं घराला वळसा घालून मागं गेले. गोठ्यावरून जाताना वैजनाथ थबकला. दोन्ही दावणी मोकळ्या होत्या.

"म्हशी?"

"पहाटंच लावल्या फाट्याला, दूधवाल्यासंगं. तुमच्यातल्या येकाला बी दिसलं न्हाई."

गोठ्याच्या मागं बाभळीतून एक पायवाट गेली होती. पन्नास पावलांवर भागूबाई उभी राहिली. समोर चर होता. कमरेएवढा खोल, दोन हात रुंद, कडा ताशीव. तो सरळ नदीच्या अंगाला गेला होता. त्याच्या पलीकडं दुसरा आणि त्याच्याही पलीकडं तिसरा. काही ढासळले होते, काहींत पाणकणीस उगवलं होतं. वैजनाथ कडेनं चालत गेला. त्याच्या सरावलेल्या डोळ्यांनी आपोआप अंतरं मापली. वीस मीटर. पुन्हा वीस मीटर.

"हे कुणी सांगितलं दादाला?"

"तुमी."

"मी?"

"तुमी निगून गेला तवा पडवीतलं कागद त्येंनी गोळा केलं. घरी आनलं. कानिफ अकरा वर्साचा हुता, त्याला म्हनले वाच. शेवटच्या पानावर लिवलंवतं की, चर किती खोल, किती लांबीवर. त्यातला येक शब्द बी तुमी लोकांना वाचून दावला न्हाई."

"वाचू कुठं दिलं वहिनी? त्याच्याआधीच तर..."

"थोबाडीत बसल्यावर बी वाचता आलं असतं, भावजी."

वाऱ्यानं पाणकणसं हलली. वैजनाथला ते शेवटचं पान आठवलं. आपल्या हातानं लिहिलेलं, खाली दोन रेघा मारलेलं: उपाय सर्वांनी मिळून केल्यास. ते वाचायला तो आला होता. आधीचं सगळं नुसती प्रस्तावना होती.

"दर उन्हाळ्याला येक चर," भागूबाई म्हणाली. "मी पाट्या उचलायची. पयल्या चार-पाच वर्सांत कडंला हरभरा आलावता वीतभर. आमाला लई कवतिक. मग वरल्या अंगाचं समद्यांचं पानी ह्याच चरांत उतराया लागलं. वरची रानं सोडून मानसं गेल्याली, तिथं चर कोन खोदनार? येकदा ह्या कडंला बसून त्येंनी मातीचा खडा जिभंला लावला. थुंकलं. म्हनलं, वैजा खरं बोल्लाता."

"कधी म्हणाला?"

"सतरा-अठरा वर्सं झाली."

"आणि मला कळवलं नाही कुणी?"

"मी म्हनले, पत्र धाडा, फोन करा. म्हनलं, ज्याला समद्या गावात मारलं त्याला काय तोंडानं सांगू? आन् मी पेठ सोडू म्हनले तर म्हनलं, मंग मारलं कशाला त्याला, असं इचारतील लोक. बसलं इथंच. उन्हाळा आला की परत कुदळ."

वैजनाथ चराच्या कडेला खाली बसला. त्याच्या चांगल्या इस्त्रीच्या विजारीला ओली पांढरी माती लागली. राहुरी इथून तासाभराच्या वाटेवर. दर उन्हाळ्यात तो तिथं पंख्याखाली बसून दुसऱ्यांच्या मातीचे अहवाल लिहीत होता, आणि त्याच्याच हस्ताक्षरातला एक अहवाल घेऊन त्याचा भाऊ इथं एकटा खोदत होता.

"म्हणूनच वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "म्हणूनच ते पुरं करायला पाहिजे. नळ्या घातल्या तर—"

"मी अठरा वर्साची लगीन हून आले," ती मध्येच म्हणाली. "पेठ उतरलीवती, तरी चार गुऱ्हाळं पेटत हुती. समोर कासाराचं घर, शेजारी तुमच्या आत्याचं. भांडान झालं तरी आईकायला चार जनी हुत्या. म्हायेराची आटवन आली तर कुनी तरी म्हनायचं, चल गं, नदीवर जाऊ. मंग येक येक घर उठलं. तीस वरीस मी सकाळी दार उगाडते आन् समूर बाभळ. तुमाला पेठ पायजे, भावजी. मला बी पायजे. पर ती हितं कुठं हाय? तुमी नळ्या घालनार, तीन वर्सं थांबा म्हननार. मी त्रेसष्टीची हाय. अजून कुनाची वाट बगू?"

तिनं डोळ्याला पदर लावला नाही. सांगून मोकळी झाल्यासारखी नदीकडं बघत राहिली. मग खाली बसलेल्या दिराकडं बघून म्हणाली, "उटा. कापडं खराब झाली."

ओसरीवर परत आल्यावर वैजनाथनं नकाशावरचा तांब्या उचलला, अण्णांना चष्मा दिला. कागद आपसूक गुंडाळला गेला. त्यानं कानिफनाथकडं हात पुढं केला आणि सही केली. कारभारीअण्णा जिंकल्यासारखे दिसले नाहीत. ते उठले, वैजनाथजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "शेवटचं पान कानिफनं आमाला बी वाचून दावलंतं. मोठा झाल्यावर. आमी म्हनलं, आता कशाला."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुकान चालाया लागलंवतं रं," अण्णा म्हणाले आणि जमिनीकडं बघत राहिले.

मांडवाचं सामान टेम्पोत चढलं. त्याच्यावर भागूबाईची ट्रंक, दोन गाठोडी, जातं आणि देवांची टोपली चढली. एवढंच न्यायचं होतं, आणि ते तिनं कधीच बांधून ठेवलं होतं. "आजच, मोठ्याई?" असं पंकजानं विचारलं, तेव्हा ती पुढच्या सीटवर चढून बसलीसुद्धा होती. दिपाली तिच्याजवळ दाटीवाटीनं बसली. दोघींच्या मधे टोपली धरून भागूबाई तिला विचारत होती की कानिफच्या घराच्या डाव्या हाताला राहतं कोण, आणि उजव्या हाताला कोण, आणि त्यांना सुना किती.

"वहिनी, कुलूप कुठाय?" वैजनाथनं दारातून विचारलं.

"कसलं कुलूप?"

"घराला लावायचं."

भागूबाई टेम्पोतून वाकून त्याच्याकडं बघायला लागली, जणू त्यानं काही भलतंच मागितलं होतं. "घराला कुलूपच न्हाई, भावजी. दोगं मिळून आमी कदी भाईर गेलोच न्हाई. कानिफच्या लग्नाला ते गेले, हळदीला मी."

वैजनाथ परत दाराशी आला. कडी ओढून घ्यायची तेवढं तरी करावं म्हणून त्यानं हात घातला. बाहेरची कडी गंजून चौकटीला चिकटली होती. ती बाहेरून कुणी लावलीच नव्हती. त्यानं दगड उचलला आणि खालून ठोके घातले. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला कडी सुटली, तांबडा चुरा त्याच्या बाहीवर पडला. ती त्यानं कोयंड्यात चढवली, हलवून पाहिली.

टेम्पो निघाला होता. पंकजा गाडी वळवून थांबली होती, पण त्यानं तिला हातानं पुढं जायला सांगितलं आणि पडक्या भिंतींमधून पायी चालायला लागला. पेठेतून बाहेर पडणारा म्हेत्र्यांतला तो शेवटचा होता.